दार उघडणं म्हणजे सोडून देणं नव्हे



“जैनांच्या मळ्यात कोंबड्या?” हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हणते. मंदिरात विचारला, लग्नाच्या पंगतीत विचारला, मोठ्या नणंदबाईंनी तर खास फोन करून विचारला. प्रश्न रास्त आहे, मला राग नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. कोंबड्या दारात आल्याच, तर त्यांना खुराड्यात सुरक्षित कोंडून ठेवायचं, की दार उघडून मळ्यात हिंडू द्यायचं?

माझं मत स्पष्ट आहे. हिंडू द्यायचं. या मतावरून घरात वाद झाले, मधे एक कोंबडी गेली, तरी ते बदललेलं नाही. का बदललं नाही, तेवढंच आज सांगते.

आधी त्या आल्या कशा ते. आमचा मळा मिरज तालुक्यात. बांधापलीकडे अंड्यांची पोल्ट्री होती, मालकाने धंदा आवरता घेतला. शेवटच्या कोंबड्या व्यापाऱ्याच्या गाडीत भरल्या, त्यातल्या पाच नीट उभ्याही राहत नव्हत्या म्हणून बाजूला टाकल्या. सुट्टीला आलेला नातू धावत आला, “आजी, त्या पाच जणींचं काय करणार ते?” काय करणार ते त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही त्या घेऊन आलो. पैसे दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत. हे पैशाचं लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचं आहे.

त्यांची अवस्था पाहून मळ्यातल्या मावशी, ज्यांचं सगळं आयुष्य दारच्या गावठी कोंबड्या पाळण्यात गेलं, त्यासुद्धा गप्प झाल्या. तुरे पांढुरके आणि एका बाजूला पडलेले. मानेची, पोटाची पिसं घासून गेलेली. चोचीचं टोक कापलेलं. नखं इतकी वाढलेली की सपाट जमिनीवर पाय टेकत नव्हता, कारण जन्मात पायाखाली तारच होती, झिजायला माती कधी लागलीच नाही.

मी कॉमर्सची पदवीधर. दुःख झालं की मी हिशेब मांडायला बसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तर हा हिशेब बघा. पोल्ट्रीची कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. एका अंड्याच्या टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणजे वर्षाला 600 ग्रॅम. आणि तिच्या अख्ख्या सांगाड्यात कॅल्शियम असतं जेमतेम 20 ग्रॅमच्या आसपास. भांडवल 20, वर्षाची उचल 600! खाद्यातून भरपाई होते, पण सगळी होत नाही. उरलेलं हाडांतून निघतं. म्हणून या कोंबड्यांची हाडं ठिसूळ होतात, नुसतं धरताना मोडतात. ज्या रानकोंबडीपासून ही जात माणसाने घडवली, ती वर्षाला डझन-दीड डझन अंडी घालते, तीही पिल्लं व्हावीत म्हणून. आपल्याकडे मात्र दिवस मोठा वाटावा म्हणून 16-16 तास दिवे लावतात आणि साधारण 72 ते 80 आठवड्यांत कोंबडी “संपली” म्हणून गाडीत घालतात. नीट जगली तर पाच-सात वर्षं जगणारा जीव दीड वर्षात जमाखर्चातून बाद.

जागेचा हिशेब आणखी सोपा आहे. नातवाच्या प्रोजेक्टचा ए-फोर कागद घ्या. 21 गुणिले 29.7, म्हणजे सुमारे 624 चौरस सेंटिमीटर. युरोपात पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर द्या असा नियम होता, म्हणजे कागदापेक्षाही कमी. तेही त्यांना लाजिरवाणं वाटलं आणि 1 जानेवारी 2012 पासून युरोपियन महासंघात ते साधे पिंजरे बंद झाले. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 सांगतं की जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. 2017 साली विधी आयोगाने 269 वा अहवाल खास कोंबड्यांच्या पालनावर दिला आणि तोही या पिंजऱ्यांच्या विरोधात होता. कायदा आहे, अहवाल आहे, पिंजरेही आहेत.

आता आपल्या शास्त्राकडे येते. पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलोय की अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी आम्हाला ते बैलाच्या उदाहरणाने शिकवले. बैलाला आखूड दाव्याने बांधू नये, मारू नये, कान-शेपूट कापू नये, झेपणार नाही एवढं ओझं लादू नये, वैरण-पाणी तोडू नये. परीक्षेत मला पैकीच्या पैकी मार्क होते. पण हे पाचही एका ठिकाणी, एकाच जिवावर पाहिले ते या कोंबड्यांवर. बंध म्हणजे तो पिंजरा. वध म्हणजे ओढताना, भरताना होणारी मारझोड. छेद म्हणजे कापलेली चोच. अतिभार म्हणजे ती 600 ग्रॅमची उचल. आणि अन्नपाननिरोध म्हणजे अंडी कमी झाली की काही दिवस दाणा तोडायचा, पिसं झडू द्यायची, म्हणजे कोंबडी पुन्हा अंड्यावर येते. जगभर हे चालत आलंय.

पाच अतिचारांतला पहिला बंध आहे. मारण्याच्याही आधी कोंडण्याचं नाव घेतलंय. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

कारण आम्ही त्या पाच जणींना घरी आणल्यावर सगळ्यांचं एकमत कशावर झालं, माहीत आहे? चांगलं मोठं, पक्कं खुराडं बांधायचं, वेळेवर दाणापाणी द्यायचं, आणि बंद ठेवायचं. कुत्री नकोत, मुंगूस नको, घार नको. ह्यांचं म्हणणं, “जिवंत राहिल्या हेच पुष्कळ.” सुनेचं म्हणणं, “आई, त्यांना बाहेरची सवयच नाही, घाबरतील.” दोघांचंही प्रेमापोटीच. पण पिंजरा मोठा झाला आणि दाणा चांगला मिळाला म्हणून बंध सुटला का? दार बाहेरूनच बंद होतं ना?

“तुझ्या काळजीपोटीच म्हणतो” ही चाल मी ओळखते. बीकॉम झाले तेव्हा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. “कशाला बाहेरची दगदग, घरात काय कमी आहे?” असं घरच्या वडीलधाऱ्यांनी म्हटलं, आणि खरंच काही कमी नव्हतं. माणसाची आणि कोंबडीची बरोबरी मी करत नाही. पण कमी काही नसतानाही दार बंद असलं की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे.

तर दार उघडायचं ठरलं. पण कसं, हे मावशींनी शिकवलं, आणि ज्या मैत्रिणींच्या मळ्यात-परसात हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी ते नीट लिहिते. आणल्या दिवशी दार उघडायचं नाही. “आधी घर कळू दे वहिनी, मग शिवार दाखवा,” असं त्या म्हणाल्या. आम्ही जुन्या गोठ्याच्या पडवीला जाळी मारून घेतली. मुंगूस खालून उकरून शिरतं, म्हणून जाळी हातभर जमिनीत पुरली. खाली भुसा, एका कोपऱ्यात चुलीची राख आणि माती, आणि बसायला दांडी. गावठी कोंबडी रात्री उंच बसते, पण यांना चढता येईना, म्हणून दांडी वीतभर उंचीवरच बांधली आणि पुढे हळूहळू वर नेली. दहा दिवस तिथेच. रोज दाणा टाकण्याआधी मावशी ज्वारीचा डबा खुळखुळवायच्या. चार-पाच दिवसांत डब्याचा आवाज आला की पाचही माना वर! तो आवाज हीच पुढे त्यांची दोरी झाली, फक्त गळ्यात न बांधलेली.

जनावरांच्या डॉक्टरांना एकदा बोलावून घेतलं. त्यांनी नखं कापून दिली, जंताचं औषध दिलं आणि मानमोडीच्या लसीचं बघितलं. शिंपल्याची पूड वाटीत वेगळी ठेवायला सांगितली. ज्या कोंबडीला हवी ती तेवढी खाते.

मळाही तयार करावा लागला. मुलगा आणि मावशींचे यजमान, दोघांनी मिळून बघितलं की पेरणीला आणलेलं औषध लावलेलं गुलाबी बियाणं कुठे सांडलंय का, उंदराचं औषध कुठे ठेवलंय का, विहिरीचा कठडा नीट आहे का. शेजारच्यांना सांगून ठेवलं की फवारणी असेल त्या दिवशी आधी कळवा, दार उघडणार नाही. मोकळीक द्यायची तर आधी आपण शिवार फिरून यायचं, हा पहिला नियम.

आणि वेळ. पहिल्यांदा सोडायचं ते सकाळी नाही, दिवस मावळायच्या तासभर आधी. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, उजेड उतरला की ती ओळखीच्या जागी परतते. पहिल्या दिवशी फार लांब जायला वेळच उरत नाही. पोटही थोडं रिकामं ठेवायचं, म्हणजे डबा वाजला की येतात. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे ती वेळ मला मोकळीच असते. रात्रिभोजनाचा त्याग कोंबडीला जन्मजात आहे हे मला या वयात कळलं!

दार उघडलं तेव्हा काय झालं? काहीच झालं नाही. वीस मिनिटं एकही बाहेर आली नाही. उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. मग एकीने मातीवर पाय ठेवला आणि चटका बसावा तसा वर घेतला. पुन्हा ठेवला. नातू म्हणाला ढकलूया का, मी त्याला मागे ओढलं. बाहेर येणं तिचं तिने ठरवायला हवं. थोड्या वेळाने ती दोन पावलं पुढे आली, आणि जिने जन्मात माती पाहिली नव्हती ती माती उकरायला लागली. आधी उजवा पाय, मग डावा, मग एक पाऊल मागे येऊन बघायचं. कुणी शिकवलं? तिसऱ्या दिवशी दुसरी राखेच्या खड्ड्यात आडवी पडून पाय झाडायला लागली, पंख फडफडवायला लागली. नातू ओरडला, “आजी, हिला फिट आली!” मावशी हसून हसून बेजार. कोंबडीची ती आंघोळ. धुळीने अंगातल्या उवा-गोचड्या निघतात. दीड वर्षं तारेवर उभ्या असलेल्या जिवाने ते दीड वर्षं आत सांभाळून ठेवलं होतं. आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो हाच. पिंजऱ्यात तो मरत नाही, नुसता कोंडलेला राहतो.

पहिल्या संध्याकाळी चौघी आपणहून आत गेल्या. पाचवी लिंबाच्या झाडाखाली नुसती उभी राहिली, घरी जायचं असतं हेच तिला कळेना. तिला हातात उचलून आत ठेवली. अंग पिसापेक्षा हलकं वाटलं, आणि छाती मात्र धडधडत होती. चौथ्या दिवसापासून तीही येऊ लागली.

आता आक्षेप. नणंदबाई म्हणाल्या, “अगं, मोकळ्या सोडल्यास तर त्या किडे खाणार. गांडुळं खाणार. ते पाप कुणाच्या डोक्यावर?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, रात्रीची झोप त्यानेच घालवली होती. मला उत्तर सापडलं ते असं. किडे वेचणं हे कोंबडीचं आहे. व्रत मी घेतलंय, तिने नाही. व्रत स्वतः घ्यायचं असतं, दुसऱ्यावर दार लावून लादलं तर ते त्याचं व्रत होत नाही, माझा बंध होतो. माझं काम एवढंच की मी किडे तिच्यापुढे टाकायचे नाहीत, मुंग्यांच्या वारुळाकडे आणि गांडूळखताच्या खड्ड्याकडे तिला जाऊ द्यायचं नाही, आणि दाणा भरपूर द्यायचा म्हणजे तिची भूक उकिरड्यावर भागवायची वेळ येणार नाही. पावसाळ्यात जीवजंतू फार, म्हणून तेव्हा कोरडं अंगणच त्यांना द्यायचं असं मी ठरवलंय. आणि खरं सांगू का, कोंडून ठेवलेली कोंबडी निष्पाप दाण्यावर जगते असं नाही. बाजारच्या तयार खाद्यात सुकटीची भुकटीही असू शकते. दार बंद केलं की आपल्याला हिंसा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरा आक्षेप ह्यांचा, आणि तो घडूनच आला. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी बांधावरून दोन भटकी कुत्री आली. मावशी तिथेच खुरपत होत्या, आरडाओरडा करत धावल्या, पण एक गेली. लिंबाखाली थांबायची तीच. त्या संध्याकाळी मोजताना मी चारवर थांबले. णमोकार म्हटला, पण मन काही जाग्यावर आलं नाही. रात्री ह्यांनी एवढंच म्हटलं, “आता तरी बंद ठेव.” नातवाचा फोन आला, तो रडत होता आणि त्यालाही तेच वाटत होतं.

मी सकाळी दार उघडलं का? नाही, दोन दिवस उघडलं नाही. दोन दिवस विचार केला आणि बघितलं. चौघी दिवसभर जाळीपाशी उभ्या होत्या, जिथून दार उघडतं तिथेच. राखेत कुणी लोळली नाही. तेव्हा मला वाटलं, गेलेल्या कोंबडीला तिच्या आयुष्यातले वीस-बावीस दिवस मिळाले. ती मातीवर चालली, उन्हात बसली, लिंबाखाली तिची स्वतःची एक जागा झाली. त्याआधीच्या दीड वर्षात यातला एकही दिवस नव्हता. कुत्र्याच्या भीतीने या चौघींचे उरलेले सगळे दिवस काढून घेतले, तर तो हिशेब कुठे जुळतो?

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. पण वेळ बदलली, आडोसे बदलले. आता सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास, दोन्ही वेळा कुणीतरी काठी घेऊन मळ्यात असतं. दुपारी शिवार सुनं असतं तेव्हा आत. तुराट्यांचे छोटे झाप जागोजागी उभे केलेत. घार-शिकऱ्याची सावली पडली की चौघी त्याखाली पळतात. हे त्यांना दोन दिवसांत कळलं. कुत्र्यांच्या बाजूने बांधावर काटेरी कुंपण घातलं. एवढं करूनही धोका शून्य झालेला नाही, होणारही नाही. तो शून्य करायचा एकच मार्ग म्हणजे दार बंद करणं, आणि तो मला मान्य नाही.

एक अपवाद मात्र मी मानते. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता. तसा रोग आसपास आल्याचं सरकारने कळवलं, तर कोंबड्या आतच ठेवायच्या, वाद घालायचा नाही. तो बंध आहेच, पण मुदतीचा आणि कारणापुरता. कारण संपलं की दार उघडायचं. आपल्या सोयीसाठी कोंडणं आणि संकट टळेपर्यंत आत ठेवणं, यातला फरक आपल्या मनाला बरोबर कळतो. मन मानत नाही ते आळसामुळे.

आता तो पैशाचा मुद्दा. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या धंद्यांमध्ये पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर असे जीव पैशासाठी पाळणं सांगितलंय. आम्ही दिगंबर, पण चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी. कोंबड्याचं नाव तिथे स्वच्छ आलंय, म्हणून नणंदबाईंचा पहिला प्रश्न रास्त आहे असं मी सुरुवातीलाच म्हटलं. पण तिथे “पैशासाठी” हा शब्दही आहे. म्हणून आमच्या वहीत या कोंबड्यांचं फक्त खर्चाचं पान आहे, जमेचं नाही. अजून अधूनमधून अंडं पडतं. ते आम्ही खात नाही हे सांगायला नको, पण विकतही नाही आणि कुणाला देतही नाही. मावशी ते तिथेच फोडून टरफलासकट त्यांच्यापुढे ठेवतात. गेलेलं कॅल्शियम थोडं तरी मूळ मालकिणीकडे परत! पोल्ट्रीवाले म्हणतील, अशाने कोंबडीला अंडी फोडून खायची सवय लागते. लागू दे. आम्हाला कुठे अंड्याचा धंदा करायचाय?

याच पैशामुळे मी एक गोष्ट जरा कडक शब्दांत लिहिणार आहे. पर्वाच्या दिवसांत बाजारातून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन आकाशात सोडायची पद्धत आपल्यात काही ठिकाणी आहे. भाव चांगला असतो. पण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की मागणी वाढली की पुरवठा वाढतो. आपण दहा विकत घेतले की पारधी पुढच्या पर्वाला वीस पकडून आणतो. आणि सोडलेला पक्षी थकलेला, अनोळखी जागी, पंख झिजलेले. तो किती दूर जातो ते बघायला आपण थांबत नाही. दार उघडलं, हात जोडले, घरी आलो. ते सोडून देणं झालं. दिल्लीच्या लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरातला पक्ष्यांचा दवाखाना बघा. तिथे आधी जखमी पक्षी बरा करतात, आणि मगच उडू देतात. मोकळं करणं त्याला म्हणावं. आधी औषध, घर, दाण्याचा डबा, मग दार, आणि दारामागे संध्याकाळी मोजायला कुणीतरी.

शेवटी यशोधर राजाची गोष्ट आठवते. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ती संस्कृतात लिहिली, तेराव्या शतकात जन्न कवीने कन्नडात. आमच्या सीमाभागात ती घराघरात ठाऊक आहे. आईच्या हट्टाखातर राजाने जिवंत बळी न देता पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापला. पिठाचा! रक्ताचा थेंब नाही. तरी मायलेकांना कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं, एका जन्मात तर कोंबड्याच्याच. लहानपणी मला वाटायचं, एवढी मोठी शिक्षा कशाला? आता वाटतं, त्या गोष्टीत हिशेब जिवाचा नाहीच, भावाचा आहे. पिठाच्या कोंबड्याकडे “ही कापायची वस्तू” म्हणून बघितलं, तो भाव मोजला गेला. मग जिवंत कोंबडीकडे “ही ठेवायची वस्तू” म्हणून बघितलं तर तो भाव मोजला जाणार नाही का? आपण मारत नाही, खात नाही, एवढ्यावर आपलं खातं पूर्ण झालं असं समजायची आपल्याला फार सवय लागलीय.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी कोंबड्या आणा असं मी अजिबात म्हणत नाही. उलट आणूच नका, जोपर्यंत एखादा जीव आपणहून दारात येत नाही. पण तुमच्या घरात, गोठ्यात, गच्चीवर जो जीव आधीच आहे त्याच्याकडे एकदा बघा. आखूड दाव्याची गाय असेल, दिवसभर साखळीला असलेला कुत्रा असेल. दावं हातभर लांब करा, साखळी संध्याकाळी तरी सोडा, त्याच्याबरोबर तासभर बसा. आपले पाच अतिचार पाठ आहेतच. पहिल्यापासून सुरुवात करू.

आमच्या चौघी बऱ्या आहेत. तुरे लाल झालेत, मानेवर नवी पिसं आलीत, आणि एक तर आता जांभळीच्या खालच्या फांदीवर चढून बसते, उतरायला मात्र मावशींची वाट बघते.

जय जिनेंद्र.